पाण्यात न घातलेली सही

वासू, मद्रासच्या सुंदरम्‌चं कार्ड आलं. कार्ड इंग्रजीत, म्हणून शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. तू गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं, बुधवारी सकाळच्या गाडीने येतो, घर पाहून संध्याकाळच्या गाडीने परत जाईन, एवढाच मजकूर. पण न लिहिलेलं वाचायची मला सवय आहे. इतकी वर्षं तुमची तिकिटांवरून पत्रं चालली होती, प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. असा माणूस तू गेल्यावर येतो, तो काय माझ्या हातचं सारू प्यायला? तुझी तिकिटं मागायला येतो आहे, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं आणि कपाटाची किल्ली कमरेला खोचली.

तुला हसू येईल, आणि यावंच. जन्मभर मी त्या कपाटाला उकिरडा म्हणत आले. झुरळं होतील, वाळवी लागेल, एक दिवस सगळं बंबात घालीन, अशा धमक्या मी तुला इतक्यांदा दिल्या की शेवटी शेवटी तू उत्तरही देत नव्हतास, नुसती मान हलवायचास. आणि आता तोच उकिरडा कुणी उचलून नेईल म्हणून माझी झोप उडाली. तूच एकदा जेवताना म्हणाला होतास, "अक्का, माझ्यामागें हें सगळें सुंदरम्‌ला जाऊं दे. त्याला त्यांतलें समजतें." ताटावर असलं बोलू नये म्हणून मी दटावलं. तू हसलास आणि ताक मागितलंस. ते बोलणं खरं धरायचं की थट्टेतलं, हे विचारायचं राहून गेलं. धाकट्या भावाला असं कोणती बहीण विचारते? माझ्यामागे तुझं कसं होईल, त्याचीच व्यवस्था मी मनातल्या मनात लावत आले होते.

मास्तरांनी कार्ड परत देताना विचारलं, "अम्मा, एवढं काय आहे त्या कपाटात?" मग मला सांगावं लागलं. पैसे पोचल्याची पावती लिहिली की तिच्यावर एक आण्याचं तिकीट लावायचं आणि तिकिटावरून आडवी सही करायची, हा सरकारचा कर. राणीच्या काळात पावतीचं तिकीट निराळं असे. दाढीवाला राजा आला आणि पाकिटाला लावायचं टपालाचं तिकीटच पावतीलाही चालू लागलं. आमचा वासू पाकिटावरची तिकिटं गोळा करत नसे, पावतीवरची करी. म्हणजे तिकिटं टपालाचीच, पण त्यांच्यावर पोस्टाचा शिक्का नाही, माणसाच्या हातची शाई आहे. मास्तर म्हणाले, "म्हणजे खराब झालेली." मी "हो" म्हटलं आणि घरात आल्यावर मला त्यांचा राग आला. खराब म्हणायचं झालं तर ते मी म्हणावं. त्यांचा काय संबंध?

हे वेड लागलं ते चेट्टियार वाण्याच्या सुंठीपायी. तुझी बायको जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. वकिलांच्या घरी गुमास्त्याचं काम करून तू यायचास, हातपाय धुऊन जेवायचास आणि भिंतीकडे बघत बसायचास. बोलायचास ते "पुरे" आणि "वाढ" एवढंच. माझा खोकला हटत नव्हता म्हणून तुला सुंठ आणायला पाठवलं. तू पुडी सोडलीस, सुंठ ताटलीत ओतलीस आणि पुडीचा कागद घेऊन उजेडाला गेलास. साक्कोट्टै गावच्या कुणा कुळाची ती जुनी पावती होती.

"अक्का, हें पळे," तू कागद मला दाखवत म्हणालास. "राजाच्या कपाळावरून ह्यानें सही ओढली आहे. नाकावरून, दाढीवरून, थेट कागदावर. आणि राजा गप्प."

"राजा काय बोलणार? छापलेला तो."

"तसें नव्हे गे. सरकारच म्हणतें, माझ्या तोंडावरून सही कर, मगच तुझी पावती खरी."

दिवसभर वकिलांपुढे आणि कोर्टातल्या साहेबांपुढे मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या माणसाला त्यात काय गंमत वाटली, हे मला कळलं. तू हसलास, आणि कितीतरी दिवसांनी हसलास. त्याच क्षणी मी ठरवलं की ह्याला लागेल तितकी सुंठ आणू दे. चेट्टियारने कुठल्या बंद पडलेल्या दुकानाचे कागद पुड्यांसाठी घेतले होते. सुंठ झाली, मिरी झाली, लवंग झाली. पुड्या जास्त मिळाव्यात म्हणून तू सगळं थोडं थोडं घ्यायला लागलास. चेट्टियारने मला देवळाच्या वाटेवर गाठून विचारलं, "अम्मा, घरात कुणाला फार सर्दी आहे का?" अजून फडताळात सुंठीची एक बरणी भरलेली आहे. आता ती कुणाला उगाळून देऊ?

पण तिकिटं घरात आली ती काही सुखाने आली नाहीत. कागदावरून तिकीट सुटं करायला पाणी हवं. तू कागद घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरायला निघालास आणि मी तुला उंबऱ्यावर अडवलं.

"हें तिकीट लावतांना काय केलें असेल त्या माणसानें?"

"काय केलें असेल? लावलें."

"जिभेनें लावलें. कुणाची जीभ, कुठली जीभ. हें एच्चिल माझ्या भांड्यांत नको."

उष्ट्याला आपण घरातही एच्चिलच म्हणायचो. मराठी बोलता बोलता तमिळ कधी तोंडात यायची ते आपल्यालाही कळत नसे. तू वकिलांकडे शिकलेली सगळी अक्कल माझ्यावर चालवलीस. गोंद सरकारी कारखान्यातला, उन्हात वाळून त्याला वर्षं झाली, तिकिटाला जीभ लावली की पाण्याचं बोट लावलं, याला साक्षीदार कोण? शेवटी म्हणालास, "कावेरींत एच्चिल कमी आहे काय? तेंच पाणी तूं देवाला घालतेस." त्यावर मी तुझ्याशी बोलणं टाकलं. मग आपोआप तडजोड झाली. विहिरीपाशी एक चेपलेलं पितळी ताट निराळं ठेवलं. तू जुना पंचा नेसून तिथे बसायचं, तिकिटं भिजवायची आणि आटपलं की आंघोळ करून आत यायचं. मार्गशीर्षातल्या थंडीतसुद्धा रविवारी तू दोनदा आंघोळ केलीस, कधी चुकवली नाहीस. मी आत पोळपाटापाशी बसून तुझे दात वाजताना ऐकायची, आणि तरी एकदाही 'राहू दे आज' म्हटलं नाही. तुलाही मी तसं म्हटलेलं नको होतं. सोवळं पाळणाऱ्या बहिणीशी भांडून झाल्यावर तिचं ऐकायचं, यात तुला मोठी ऐट वाटे.

पुढे तुझे गुडघे धरले. विहिरीपाशी उकिडवं बसवेना. एकदा तुझी ती कसरत बघून मी म्हटलं, "सर बाजूला." आणि ताट माझ्याकडे ओढलं. त्या दिवसापासून भिजवायचं काम माझं झालं. माझ्या सोवळ्याचं काय झालं, असं तू विचारलं नाहीस. मी माझी आंघोळ तिकिटांनंतर करायला लागले, एवढंच.

गच्चीवर तांदळाच्या पिठाचे वडाम वाळत घालायचे त्याच दिवशी तिकिटंही वाळत घालायची, जुन्या धोतरावर, तोंड खाली करून. एकदा कावळ्याने वडाम सोडले आणि राजा उचलला. ज्याने कुणी ते तिकीट लावलं होतं त्याने गोंद वाळला म्हणून भाताची खळ लावली असणार. तू हातात चटई घेऊन कठड्याच्या कडेने त्या कावळ्यामागे धावलास. "सोड, सोड," असं त्याला मराठीतून सांगत होतास, जणू तंजावरकडचा कावळा आहे म्हणजे त्याला समजेलच. मी खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आलवण नेसलेल्या विधवेने गच्चीवर एवढ्याने हसणं बरं नव्हे, हे मला ठाऊक होतं. तू परत आलास, माझ्याशेजारी बसलास आणि तूही हसलास. ते तिकीट गेलं ते गेलंच. पण तो दिवस मी कितीदा आठवला, याचा तुला पत्ता नाही.

आपलं खरं भांडण मात्र एच्चिलचं नव्हतं, ते शाईचं होतं. बाजारची इंग्रजी शाई पाण्यात टिकते. घरी खललेली काजळाची शाई टिकत नाही. कागद पाण्यात घातला की ती आधी धुरासारखी पसरते, मग ताटाच्या तळाला बसते. तिकीट स्वच्छ निघतं आणि सही जाते. निम्मी सही कागदावर असते, तीही फिकी होऊन जाते. तुला त्याचं काही वाटायचं नाही. उलट तू खूश व्हायचास, राजाचा चेहरा धुतल्यासारखा निघाला म्हणून. भिजवणारी मी. माझ्या डोळ्यांदेखत लोकांची नावं पाण्यात विरत होती. दलाल, वकील, सरकारी लोक टिकायचे. भाजीवाली, विणकर, कुळं, घरी शाई करणारी माणसं, ती सगळी ताटाच्या तळाला. एकदा ते पाणी अळवाच्या मुळाशी ओतताना माझा हात थांबला. तेव्हापासून मी म्हणायला लागले, काजळाची सही असेल तर तिकीट कागदावरच राहू दे. तू म्हणायचास, "अक्का, मी तिकिटें गोळा करतों, माणसें नव्हे." आणि मग तसल्या कागदांचा गठ्ठा वर फळीवर ठेवून द्यायचास, माझी नजर चुकवून एक एक पाण्यात सोडायला. मला ते कळायचं. तुला मला कळल्याचंही कळायचं.

त्या गठ्ठ्यातली ती तिरुभुवनम्‌ची पावती. रेशमाच्या व्यापाऱ्याकडची, मोडीत लिहिलेली. मोडी वाचणारं या गल्लीत आता कोण उरलं होतं, तू आणि मी, तीही आप्पांनी दोघांना एकाच पाटीवर शिकवली म्हणून. तिकीट गडद लाल, चारी कडांचे दात शाबूत. त्यावरून काजळाच्या शाईत सही, गोदावरी. पहिली दोन अक्षरं राजावर, उरलेली दोन कागदावर. बाईमाणसाची सही. आपल्यापैकीच कुणीतरी, रेशमाचे पैसे घेऊन स्वतःच्या हाताने नाव घालणारी. तू म्हणालास, असं तिकीट पुन्हा मिळायचं नाही, भिजव. मी म्हटलं, नाही भिजवणार.

"अक्का, ती गोदावरी केव्हांच गेली असेल."

"म्हणून आपण तिला पुन्हा घालवायची?"

तू पावती पुन्हा फळीवर ठेवलीस. दोन दिवसांनी तू काहीतरी चांगलं बोलला असतास, वकिलाच्या घरचं. पण दुसऱ्याच दिवशी ताप चढला. तापात एकदा माझा हात धरून म्हणालास, "तें भिजवलेंस?" मी म्हटलं, नाही रे. तू डोळे मिटलेस. समाधानाने मिटलेस की नाराजीने, ते मला वाचता आलं नाही. न लिहिलेलं वाचण्याची माझी सगळी ऐट तिथे संपली.

कावळा लगेच शिवला म्हणे. नदीवरून परत आलेले लोक मोठ्या समाधानाने सांगत होते, वासूचं काही मागे राहिलं नव्हतं. असेल. तुझं राहिलं नसेल. माझं राहिलं आहे, आणि माझ्यासाठी कोण कावळा बघायला जाणार?

घरात काय झालं आहे ते सांगते. मी भात अजून तुझ्या अंदाजाने टाकते. उरतो. सकाळी ताकात कालवून तोच खाते आणि पुन्हा तितकाच टाकते. गल्लीत सगळी माणसं चांगली आहेत, मास्तरांच्या घरून विचारपूस होते. पण सगळं तमिळमधून. त्यात काही वाईट नाही, जन्म गेला तमिळमध्ये बाहेर बोलण्यात. फक्त घरात शिरल्यावर पायताण काढल्यासारखी ती काढून ठेवायची आणि आपलं बोलायचं, ती सोय गेली. परवा दूध उतू गेलं आणि मी "अगे बाई" म्हटलं. आपलाच आवाज ऐकून दचकले. देवाशी मी बोलते, पण तो वाद घालत नाही.

तर बुधवारी सुंदरम् आले. मी पहाटेपासून तयारी केली होती, दोन्हींची, स्वयंपाकाची आणि नकाराची. वांग्याची रसवांगी केली, दह्यात कालवून डांगराची पच्चडी केली, सारू केलं. आणि तमिळमध्ये एक वाक्य घोटून ठेवलं, हे घरातलं आहे, घरातच राहील, आपण राग मानू नये. तिखट नको, पण ठाम हवं, असं मीठ घालून घालून जुळवलं होतं. सुंदरम् म्हणजे कुणीतरी जाडजूड, अंगठ्यांचा माणूस असेल अशी माझी समजूत. आले ते एक वाळके म्हातारे, बगलेत छत्री, नाकावर चष्मा, शाळेतून निवृत्त झालेले. ओट्यावर टेकले आणि छत्री भिंतीशी उभी केली. मग म्हणाले, "दर वर्षी बोलावत होतो मद्रासला. दर वर्षी लिहायचे, अक्काला एकटीला ठेवून कसं येऊ."

वासू, वकील मद्रासला गेले तेव्हा तुला बरोबर ये म्हणाले होते. तू मला सांगितलंस, मद्रासचं पाणी मला मानवत नाही. मद्रासचं पाणी तू चाखलं होतंस कधी? मला तेव्हाच संशय आला होता. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू खरं बोलला असतास आणि मग मला तुला जा म्हणावं लागलं असतं. आणि मी काशीच्या मंडळींबरोबर गेले नाही, माझा दम लागतो म्हणून सांगितलं, ते तुझ्या जेवणाची आबाळ होईल म्हणून. आपण दोघांनी एकमेकांना या गावात बांधून ठेवलं आणि दोघांनीही ते कधी तोंडातून काढलं नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. मला तुझे उपकार वाटतात, आणि ते तुला सांगायचे राहिले. आता मी काशीला जायला मोकळी आहे. कुठेच जावंसं वाटत नाही.

जेवण झालं. सुंदरम् नीट जेवले, पच्चडी पुन्हा मागितली. मग म्हणाले, पाहू का? मी किल्ली काढली. उजेडात चटई टाकून त्यांनी तुझ्या वह्या पाहिल्या, एकेक पान, घाई न करता. मी दाराशी उभी, वाक्य ओठांवर. शेवटची वही मिटून त्यांनी चष्मा काढला.

"अम्मा, खरं सांगतो, यातलं मला काही लागत नाही."

मला वाटलं, हा भाव पाडण्याचा प्रकार आहे. पण ते तसं नव्हतं. ते पोस्टाच्या शिक्क्याची तिकिटं गोळा करतात. पेनाने मारलेलं, म्हणजे सहीने रद्द झालेलं, तिकीट त्यांच्या लोकांत कुणी जमेस धरत नाही, कुणाला फुकट दिलं तरी घेत नाही. "हे मी त्यांना दर पत्रात लिहीत होतो," ते म्हणाले, "आणि ते दर पत्रात माझी टर उडवायचे. माझी तिकिटं म्हणे हमालाने शिक्के मारलेली, त्यांची माणसांनी. पत्र आलं की मी आधी चिडायचो, मग चहा घ्यायचो, मग उत्तर लिहायला बसायचो. आता कुणाशी भांडू?"

माझं घोटलेलं वाक्य वाया गेलं. कुणी मागितलंच नाही तर नाही कुणाला म्हणायचं? त्या म्हाताऱ्याचा मला राग आला, तुझी तिकिटं नको म्हणतो म्हणून. आणि तुझाही आला. मला वाटत होतं तुझ्याशी भांडायचा मान माझ्या एकटीचा. तू तर टपालाने दुसरंही भांडण चालवलं होतंस, वर्षानुवर्षं, मला न सांगता. मग त्यांच्याकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते आणि चष्मा केव्हाच पुसून झाला होता.

जायच्या आधी ते म्हणाले, "आठवण म्हणून एक द्या, अम्मा. कुठलंही."

काय मोठं मागणं होतं? मी पान उलटलं. पहिलंच साक्कोट्टैचं, सुंठीचं. ते कसं देणार? पुढचं इन्नंबूरच्या भातवाल्याचं, सहीच्या शेवटी नागासारखं वेटोळं काढणाऱ्याचं, त्याला आपण वेटोळेशास्त्री म्हणायचो. ते नको. त्याच्या पुढचं तू पावसात छातीशी धरून आणलेलं. मी पानं उलटत राहिले. प्रत्येकावर माझं बोट टेकायचं आणि उठायचं. सुंदरम् बघत होते. थोड्या वेळाने हलकेच म्हणाले, "राहू द्या, गाडीची वेळ झाली." गाडीला पुष्कळ वेळ होता. त्यांनी छत्री उचलली, तुझ्या रिकाम्या पाटाकडे बघून हात जोडले आणि दाराशी उभ्या घोड्याच्या जटक्यात बसले.

जटका हलला आणि मला कळलं कुठलं द्यायला हवं होतं. ते काढून मी दारापर्यंत गेले. जटका वळणावर गेला होता. या वयात, या वेषात, भर रस्त्यात मी हाक कशी मारू? तिकीट हातात धरून ओट्यावर उभी राहिले.

ते गोदावरीचं नव्हे. ते फळीवरच आहे, कागदासकट. ते भांडण मिटलेलं नाही आणि माझ्या एकटीने मी ते मिटवणार नाही. मी काढलं होतं ते तू स्वतः भिजवलेलं, गुडघे धरण्याच्या आधीचं. तपकिरी, सपाट, एकही दात तुटलेला नाही. सही कुणाची होती ते पाण्याबरोबर गेलं. आता त्याच्यावर कुणाचा हात असेल तर तुझाच आहे.

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहायला बसले. परक्या पुरुषाला पत्र, जन्मात पहिलं. तमिळमध्ये लिहिलं, पत्ता मास्तरांनी घातला. आधी लिहिलं की सोबत वासूची आठवण पाठवते आहे, सांभाळावी. तिथेच संपवायचं होतं. पण लेखणी उचलवेना. मग खाली लिहिलं, पेनाने मारलेलं तिकीट खराब असतं, हे आपलं म्हणणं मला मुळीच पटलेलं नाही. पोस्टाचा शिक्का मारणारा तिकिटाकडे बघतसुद्धा नाही. सही करणारा निदान एकदा तरी बघतो. यावर आपल्याला काय म्हणायचं आहे ते कळवावं. तुझं बोलणं चोरलं म्हण हवं तर. तू आता थोडाच दावा लावणार आहेस?

पत्राची घडी करून तिकीट आत घातलं. टपालाचंच तिकीट ते, पण आजवर टपालात गेलं नव्हतं. कुठल्याशा पावतीला चिकटून याच मुलखात राहिलं आणि मग आपल्या कपाटात.

उत्तर अजून आलेलं नाही. म्हातारा माणूस, येईलच असंही नाही. पोस्टमन आपल्या गल्लीत दुपारच्या जेवणानंतर येतो. ही वेळ मी जन्मभर आत भांडी आवरण्यात घालवली, म्हणून मला ठाऊक नव्हती. आता मी त्या वेळी ओट्यावर येऊन बसते. काल तो आपल्या दारावरून पुढे जाता जाता थांबला आणि ओशाळून म्हणाला, "अय्यांच्या नावाचं आता काही येत नाही, अम्मा."

"माझ्या नावाचं बघ," मी म्हटलं.

त्याने पिशवीत हात घातला आणि तसाच थांबला. इतकी वर्षं या दारावर येतो, पण माझं नाव त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार तरी कुठून? गल्लीला मी अम्मा, तुला अक्का. त्याने विचारलं. "सगुणा," मी सांगितलं. त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं, नीट लक्षात राहावं म्हणून, आणि पुढच्या घराकडे गेला. वासू, तू गेल्यापासून या गावात माझं नाव ठाऊक असलेला तो एकटाच आहे.